चेंडू तोच, मैदान तेच, मग मोबदला वेगळा का?

(या महिन्याचा अभ्यास पाठ. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा आणि शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करावी.)



२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आपल्यापैकी कितीतरी जणी टीव्हीसमोरून हलल्या नव्हत्या. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याच मैदानावर तीन वर्षं आधी, ३० ऑक्टोबर २०२२ ला, मुलींच्या आणखी एका विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता. तो फुटबॉलचा होता, सतरा वर्षांखालच्या मुलींचा. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. एवढी मोठी स्पर्धा आपल्या राज्यात होऊन गेली, पण गावात तिची फारशी चर्चा झाली नाही.

आज आपण महिला फुटबॉलच्या विश्वचषकाचा अभ्यास करणार आहोत. आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या अंकात फुटबॉल कशाला? तर त्याचं कारण पैसा आहे. निंदणी-खुरपणीला गेलेल्या बाईला एक मजुरी आणि त्याच बांधावर काम करणाऱ्या पुरुषाला दुसरी, हे आपण रोज पाहतो. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या महिला खेळाडूंचंही हेच दुखणं होतं. त्यांनी ते कसं मांडलं, कुठे अडल्या, शेवटी काय मिळवलं, हे समजून घेतलं तर आपल्याला उपयोगी पडेल.

१. आधी खेळ आणि पैशाची वाट समजून घेऊ

फुटबॉलच्या एका संघात ११ जणी खेळतात. सामना ९० मिनिटांचा. बायकांसाठी मैदान लहान नसतं, चेंडू हलका नसतो, गोलाचे खांब जवळ नसतात. सगळे नियम पुरुषांचेच. दर चार वर्षांनी विश्वचषक होतो. तो भरवते फिफा, म्हणजे जगभरच्या फुटबॉल संघटनांची शिखर संस्था.

बक्षिसाचा पैसा फिफाकडून थेट खेळाडूच्या हातात पडत नाही. तो आधी त्या त्या देशाच्या फुटबॉल संघटनेकडे जातो. संघटना आणि खेळाडू यांच्यात जो करार असेल, त्याप्रमाणे पुढे वाटणी होते. निधी वरून येतो आणि मधल्या संस्थेच्या ठरावानुसार खाली पोचतो, हे आपल्याला नवीन नाही. म्हणूनच मधला करार काय म्हणतो, हे फार महत्त्वाचं असतं.

२. बायकांचा सामना बघायला ५३ हजार लोक, आणि मग बंदी

“बायकांचा खेळ लोक बघत नाहीत, म्हणून पैसा नाही,” असं नेहमी सांगितलं जातं. इतिहास बघितला तर वेगळंच दिसतं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधले पुरुष लढाईवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात बायका कामाला लागल्या. प्रेस्टन गावातल्या डिक, कर नावाच्या कारखान्यातल्या कामगार बायकांनी फुटबॉलचा संघ काढला. जखमी सैनिकांसाठी आणि इतर चांगल्या कामांसाठी त्या सामने खेळून पैसे गोळा करत. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या मैदानावर त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले. जागा नाही म्हणून हजारो लोक बाहेरूनच परत गेले.

त्यानंतर वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना शोभणारा नाही आणि कोणत्याही क्लबने आपलं मैदान त्यांना देऊ नये. ठरावात एक ठपकाही होता, की जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो आणि दानाला कमी उरतो. ही बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

म्हणजे लोक येत होते. मैदान काढून घेतल्यावर लोक येणार कुठे?

३. विश्वचषक सुरू झाला, पण हात आखडता ठेवून

१९७१ साली मेक्सिकोत महिलांची एक जागतिक स्पर्धा झाली. फिफाची तिला मान्यता नव्हती. तरी अंतिम सामन्याला मेक्सिको सिटीच्या अझटेका मैदानावर एक लाखाच्या वर लोक जमले. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० ने हरवलं. तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन या पंधरा वर्षांच्या मुलीने केले.

पुरुषांचा विश्वचषक १९३० सालापासून चालू होता. फिफाने महिलांचा पहिला विश्वचषक भरवला तो १९९१ साली, चीनमध्ये. बारा देश आले. सामने ९० ऐवजी ८० मिनिटांचेच ठेवले होते. अमेरिकेने नॉर्वेला २-१ ने हरवून तो जिंकला.

१९९९ साली अमेरिकेतच अंतिम सामना झाला, तेव्हा मैदानात ९० हजारांवर प्रेक्षक होते. पण बक्षिसाची रक्कम? काही नाही. महिलांच्या विश्वचषकात बक्षिसाचा पैसा पहिल्यांदा दिला गेला तो २००७ साली. त्याआधीचे चार विश्वचषक बायका बिनबक्षिसाच्या खेळल्या.

आता अलीकडचे आकडे बघा. गटाच्या लेखनिक ताईंनी हे फळ्यावर लिहावेत. रकमा डॉलरमध्ये आहेत.

पुरुष, २०१८: एकूण बक्षीस ४० कोटी
महिला, २०१९: एकूण बक्षीस ३ कोटी

पुरुष, २०२२: एकूण बक्षीस ४४ कोटी
महिला, २०२३: एकूण बक्षीस ११ कोटी

सोप्या हिशोबात सांगायचं तर आधी पुरुषांच्या १०० रुपयांमागे बायकांना साडेसात रुपये मिळत होते. चार वर्षांनी ते २५ झाले. वाढ झाली, हे खरं. बरोबरी झाली नाही, हेही खरं.

दुसरी बाजूही ऐकून घेऊ. पुरुषांच्या विश्वचषकाची कमाई कितीतरी पट जास्त असते, मग बक्षीस सारखं कसं द्यायचं, असं विचारलं जातं. प्रश्न बिनबुडाचा नाही. पण ज्या दुकानाला पन्नास वर्षं कुलूप लावून ठेवलं, त्याचा गल्ला शेजारच्या दुकानाएवढा का नाही, हे विचारण्यात काय अर्थ? शिवाय महिलांच्या स्पर्धेचे प्रक्षेपणाचे आणि जाहिरातीचे हक्क फिफा कितीतरी वर्षं पुरुषांच्या हक्कांबरोबर एकत्रच विकत होती. ते वेगळे विकले गेले २०२३ साली, पहिल्यांदाच. माल वेगळा विकलाच नाही, तर त्याची किंमत कळणार कशी? ज्या ताई गटाचं लोणचं-पापड विकतात, त्यांना हे लगेच पटेल.

४. अमेरिकेच्या अठ्ठावीस जणींचा दावा

अमेरिकेचा महिला संघ जगात सगळ्यात यशस्वी. त्यांनी १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक जिंकले. त्यांच्या पुरुष संघाला एकही जिंकता आलेला नाही. तरी सामन्याच्या आणि विजयाच्या बक्षिसाचे दर पुरुषांचे जास्त.

पायरी पहिली: २०१६ साली कार्ली लॉइड, मेगन रॅपिनो, अ‍ॅलेक्स मॉर्गन, होप सोलो आणि बेकी सॉअरब्रन या पाच खेळाडूंनी सरकारी आयोगाकडे तक्रार केली, की आमची संघटना आम्हाला बाई म्हणून कमी पैसे देते.

पायरी दुसरी: ८ मार्च २०१९ ला, म्हणजे महिला दिनीच, अठ्ठावीस जणींनी मिळून कोर्टात दावा लावला. नामांकित खेळाडूही त्यात होत्या आणि नवख्याही. एकटी कोणी पुढे आली असती तर तिला संघातून वगळणं सोपं होतं. अख्ख्या संघाला कसं वगळणार?

पायरी तिसरी: ७ जुलै २०१९ ला फ्रान्समध्ये ल्यों शहरात त्यांनी नेदरलँड्सला २-० ने हरवून विश्वचषक जिंकला. तेव्हा मैदानातल्या प्रेक्षकांनी “समान वेतन, समान वेतन” अशा घोषणा दिल्या.

पायरी चौथी: इथे त्या अडल्या. मे २०२० मध्ये न्यायाधीशांनी वेतनाचा मुद्दा फेटाळला. ते म्हणाले, त्या काळातला हिशोब बघता महिलांना एकूण आणि दर सामन्यामागेही पुरुषांपेक्षा जास्तच पैसे मिळाले आहेत. शिवाय ठरलेला पगार आणि सवलती देणारा करार त्यांनी स्वतः मान्य केला होता, पुरुषांचा करार वेगळ्या धर्तीचा होता.

हे नीट समजून घेऊ, कारण आपल्याकडेही असंच घडतं. समजा कापूस वेचायला पुरुषाला किलोमागे १२ रुपये आणि बाईला १० रुपये दर आहे. बाईचा हात चपळ, तिने दिवसाला ५० किलो वेचला. तिला ५०० रुपये मिळाले. पुरुषाने ४० किलो वेचला, त्याला ४८० मिळाले. मालक म्हणतो, “बघा, बाईला तर जास्तच दिले की!” पण तेवढेच ५० किलो पुरुषाने वेचले असते तर त्याला ६०० मिळाले असते. बाईचे १०० रुपये गेले ते दरात गेले. हातात आलेली एकूण रक्कम बघून ते दिसत नाही.

अमेरिकेच्या खेळाडूंचं म्हणणं नेमकं हेच होतं. आम्ही जास्त जिंकलो म्हणून जास्त मिळाले. पुरुष एवढे जिंकले असते, तर त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त मिळाले असते.

पायरी पाचवी: त्यांनी दावा सोडला नाही, अपील केलं. दुसरीकडे बोलणीही चालू ठेवली. २२ फेब्रुवारी २०२२ ला तडजोड झाली. २ कोटी ४० लाख डॉलर मंजूर झाले. त्यातले २ कोटी २० लाख खेळाडूंना आणि २० लाखांचा एक निधी, खेळ थांबल्यावर त्यांना पुढच्या वाटेला आणि समाजकार्याला उपयोगी पडावा म्हणून.

५. सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट: एकच गल्ला

मे २०२२ मध्ये नवीन करार झाला. दर सामन्याचे पैसे महिला आणि पुरुष दोघांना सारखे ठरले. पण फिफाचं विश्वचषकाचं बक्षीस तर वेगवेगळंच येणार. त्यावर काय तोडगा काढला?

दोन्ही संघांचं बक्षीस एकाच गल्ल्यात टाकायचं आणि खेळाडूंनी सारखं वाटून घ्यायचं! २०२२ चा पुरुषांचा आणि २०२३ चा महिलांचा विश्वचषक यांच्या बक्षिसातला ९० टक्के भाग या गल्ल्यात टाकायचं ठरलं. पुरुषांची खेळाडू संघटना वेगळी आहे. तिनेही हे मान्य केलं, म्हणून ते जमलं.

आता हिशोब करा. २०१९ ला जग जिंकल्याबद्दल महिला संघाच्या नावावर फिफाकडून ४० लाख डॉलर आले होते. २०२२ ला कतारमध्ये अमेरिकेचा पुरुष संघ शेवटच्या सोळा संघांतच हरला, तरी त्याला १ कोटी ३० लाख डॉलर मिळाले. त्याचे ९० टक्के म्हणजे १ कोटी १७ लाख. निम्मे केले तर साडेअठ्ठावन्न लाख महिलांच्या वाट्याला. स्वतः चॅम्पियन होऊन जेवढं मिळालं नव्हतं, त्याहून जास्त पुरुषांच्या हरण्यातून मिळालं. दरातला फरक केवढा होता, हे या एका आकड्यावरून कळतं.

२०२३ साली महिला संघही शेवटच्या सोळांतच स्वीडनकडून हरला. विश्वचषकात इतक्या लवकर तो कधीच बाहेर पडला नव्हता. तरी करार मोडला नाही. आज एकीची परिस्थिती बरी, उद्या दुसरीची, पण निधी सगळ्यांचा. आपण वीस-पंचवीस वर्षं गटात हेच करत आलो आहोत. जगातल्या एका श्रीमंत देशाच्या खेळाडूंनी शेवटी बचत गटाचाच मार्ग धरला म्हणायचा!

६. इतर देशांत काय झालं?

नॉर्वे: २०१७ साली पुरुष खेळाडूंनी जाहिरातीतून येणाऱ्या आपल्या पैशातला काही भाग सोडला. संघटनेनेही भर घातली. महिलांची रक्कम जवळजवळ दुप्पट होऊन पुरुषांच्या बरोबरीला आली.

जमैका: हा लहानसा, बेतास बात पैसा असलेला देश. २०२३ च्या विश्वचषकाआधी संघटनेकडून पुरेशी सोय होत नाही असं खेळाडूंनी जाहीर सांगितलं. एका खेळाडूच्या आईने लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. त्या संघाने फ्रान्स आणि ब्राझीलला बरोबरीत रोखलं, पनामाला हरवलं आणि पहिल्या तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. शेवटच्या सोळांत त्या पोचल्या, ब्राझील घरी गेला.

सगळ्या देशांच्या खेळाडू: ऑक्टोबर २०२२ मध्ये २५ देशांच्या १५० खेळाडूंनी सही करून फिफाला पत्र पाठवलं. बक्षीस समान करा आणि त्यातला ठरावीक हिस्सा खेळाडूच्या हातात पडेल याची हमी द्या, अशी मागणी होती. त्यानंतर २०२३ साली बक्षीस ११ कोटींवर गेलं आणि पहिल्यांदाच दर खेळाडूमागे रक्कम जाहीर झाली: पहिल्या फेरीत हरली तरी ३० हजार डॉलर, विश्वचषक जिंकला तर २ लाख ७० हजार डॉलर. मैदानात एकमेकींविरुद्ध खेळणाऱ्या बायकांनी एकाच कागदावर सह्या केल्या, हे विसरू नका.

७. आपला देश कुठे आहे?

भारतात महिला फुटबॉलची पहिली संघटना १९७५ साली उभी राहिली. १९८० साली केरळात कोळिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपला संघ दुसरा आला. १९८३ ला पुन्हा दुसरा. पुढे लक्ष आणि पैसा दोन्ही आटत गेले. मोठ्यांच्या विश्वचषकात आपण अजून पोचलेलो नाही.

२०२२ च्या सुरुवातीला महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या बालेवाडीत झाला. यजमान म्हणून आपला संघ उतरला, पण करोनाची लागण झाल्याने एका सामन्यानंतर बाहेर पडावं लागलं. पण ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये जाऊन मुलींनी यजमानांना २-१ ने हरवलं. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरने केले. पात्रता फेरी जिंकून आशिया चषकात जागा मिळवण्याची भारताची ही पहिलीच वेळ.

क्रिकेटमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय मंडळाने महिला आणि पुरुषांची सामन्याची फी सारखी केली, एकदिवसीय सामन्याला ६ लाख रुपये. म्हणजे ठरवलं तर होतं.

८. आपल्या बांधावर याचा उपयोग काय?

एक, दराकडे बघा. “दिवसाला किती पडले” एवढंच नको. “त्याच कामाला त्याला किती, मला किती” हे विचारा.

दोन, लिहून ठेवा. आयोग असो की कोर्ट, अमेरिकेच्या खेळाडू प्रत्येक सामन्याचा आणि प्रत्येक दराचा कागद घेऊन उभ्या राहिल्या. आपल्या तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही, वहीतल्या आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

तीन, कबूल करण्याआधी करार समजून घ्या. मुकादमाशी किंवा मालकाशी हंगामाचा दर ठरवताना सगळ्या अटी वाचून घ्या, नाहीतर मुलीकडून वाचून घ्या. एकदा “चालेल” म्हटलं की तेच पुढे आपल्यासमोर ठेवलं जातं.

चार, एकटीने जाऊ नका. दहा-बारा जणी मिळून, हंगाम सुरू होण्याआधी जा. ऐन सुगीत भांडण नको, आधी बोलणी बरी.

पाच, कायदा माहीत असू द्या. एकाच प्रकारच्या कामाला बाई म्हणून कमी मजुरी देता येत नाही, असा समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही तोच नियम घेतला आहे. बोलून प्रश्न सुटला नाही, तर ग्रामसंघाचा ठराव घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज देता येतो.

सहा, घरातल्या आणि गावातल्या पुरुषांना सोबत घ्या. नॉर्वे आणि अमेरिकेत पुरुष खेळाडू तयार झाले म्हणून काम लवकर झालं. घरात बाईची मजुरी वाढली तर ती त्याच घरात येते, हे त्यांनाही पटतं.

गटाचा स्वाध्याय

एका कागदावर तीन रकाने आखा: काम, पुरुषाचा दर, बाईचा दर. निंदणी, खुरपणी, वेचणी, सोंगणी, फवारणी, बांधकामावरची मजुरी, जे जे काम आपल्या गावात चालतं ते लिहा. समोर खरे दर भरा. अंदाज नको, विचारून लिहा.

चर्चेसाठी प्रश्न

१. “हे काम जड, ते हलकं” असं म्हणून दर वेगळे ठेवले जातात का? जड आणि हलकं कोणी ठरवलं? दिवसभर वाकून निंदणं हलकं कसं?

२. आपल्या गावात कोणत्या कामाला बाई आणि पुरुष दोघांना एकच दर मिळतो? तिथे ते कसं शक्य झालं?

३. गावातल्या मैदानावर मुली खेळतात का? नसतील तर त्यांना कोण थांबवतं, घर, शाळा की मैदान अडवून बसलेली पोरं?

४. येत्या हंगामाआधी कोणत्या एका कामाचा दर बदलून घ्यायचा आपण सगळ्या मिळून ठरवू शकतो?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बैठकीच्या इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि कागदाची एक प्रत ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवा. सगळ्या गटांचे दर एकत्र आले की फेडरेशनलाही त्यावर पुढे बोलता येईल.